गावातून घरून काम करताना लॅपटॉपसाठी डॉक कसा निवडावा : विदर्भातील वीज आणि उन्हाळा लक्षात घेऊन

घरून काम करणाऱ्याच्या टेबलावर लॅपटॉपला एका वेळी किती तारा लागतात ते एकदा मोजून पाहावे : चार्जर, मोठा मॉनिटर, कीबोर्ड, माउस, कॅमेरा, राउटरकडून आलेली लॅनची तार आणि प्रसंगी प्रिंटर किंवा बाहेरची हार्ड डिस्क. नव्या पातळ लॅपटॉपला दोन-तीनच पोर्ट असतात, त्यामुळे हे सारे एकाच तारेने जोडून देणारा डॉक घ्यावासा वाटतो. बाजारात दीड-दोन हजारांच्या छोट्या हबपासून वीस-पंचवीस हजारांच्या आणि त्याहून महाग थंडरबोल्ट (टाइप-सी आकाराचीच, पण फार वेगवान जोडणी) डॉकपर्यंत बरेच काही ‘डॉकिंग स्टेशन’ याच नावाने विकले जाते आणि खोक्यावर पोर्टांची संख्या सर्वांत ठळक छापलेली असते. प्रत्यक्षात निवड दोन गोष्टींवर ठरते : आपल्या लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट काय काय करू शकतो आणि आपल्या घरी वीज कशी येते. पहिली गोष्ट पुण्यातल्या माणसालाही तितकीच लागू आहे. दुसरीचा विचार यवतमाळ, वाशीम, गडचिरोली किंवा गोंदिया जिल्ह्यातल्या गावात बसून काम करणाऱ्याला फार काळजीपूर्वक करावा लागतो, आणि डॉकविषयीच्या नेहमीच्या सल्ल्यांत नेमका तोच राहून जातो.

पहिली पायरी : लॅपटॉपचा पोर्ट ओळखणे

टाइप-सी हे केवळ पोर्टच्या आकाराचे नाव आहे. त्या लंबगोल खाचेतून फक्त डेटा जात असेल, डेटा आणि चित्र दोन्ही जात असतील किंवा डेटा, चित्र आणि चार्जिंग असे तिन्ही होत असेल, तरी बाहेरून पोर्ट सारखाच दिसतो. कमी किमतीच्या, गोल पिनेच्या चार्जरवर चालणाऱ्या अनेक लॅपटॉपमध्ये टाइप-सी पोर्ट फक्त डेटासाठी असतो. अशा लॅपटॉपला कितीही चांगला साधा टाइप-सी डॉक जोडला तरी मॉनिटर काळाच राहतो आणि चार्जिंगही होत नाही. दुकानदार वस्तू खराब म्हणून बदलून देतो, दुसरीही चालत नाही, आणि दोष लॅपटॉपच्या पोर्टचा आहे हे तोपर्यंत कोणी सांगितलेले नसते.

म्हणून खरेदीआधी पोर्टच्या शेजारची खूण पाहावी. विजेच्या बाणाची खूण असेल तर बहुधा तो थंडरबोल्ट पोर्ट असतो. इंग्रजी ‘डी’ आणि ‘पी’ ही अक्षरे एकत्र गुंफल्यासारखी खूण असेल तर त्यातून चित्र जाते. बॅटरी किंवा प्लगची खूण चार्जिंगची असते. खूण नसणे म्हणजे सोय नसणे असे मात्र नाही, कारण काही कंपन्या खुणा छापतच नाहीत. खात्रीचा मार्ग असा की लॅपटॉप उलटा करून तळाच्या चिकटपट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक उतरवून घ्यावा आणि कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (पोर्टातून चित्र जाणे) आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ (पोर्टातून चार्जिंग होणे) हे शब्द शोधावेत. एकाच मालिकेतल्या दोन लॅपटॉपांचे पोर्ट वेगळे असू शकतात, त्यामुळे मालिकेच्या नावावर भागवू नये.

वेगही तेथेच कळतो. जुना यूएसबी २.० सेकंदाला ४८० मेगाबिट, त्यानंतरचे प्रकार ५ किंवा १० गिगाबिट, आणि थंडरबोल्ट ३ व ४ हे ४० गिगाबिटपर्यंत डेटा वाहतात. एक मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि लॅन एवढ्यासाठी ५ किंवा १० गिगाबिटचा पोर्ट पुरेसा होतो. थंडरबोल्टचे जास्तीचे पैसे दोन ४के (फार बारीक चित्राचे) मॉनिटर किंवा मोठ्या व्हिडिओ फाइल हाताळणाऱ्यांनीच मोजावेत. साधा टाइप-सी पोर्ट असलेल्या लॅपटॉपला थंडरबोल्ट डॉक जोडण्याचा विचार असेल, तर तो डॉक साध्या पोर्टवर चालतो का हे आधी वाचावे, कारण थंडरबोल्ट ३ चे बरेच जुने डॉक तसे चालत नाहीत.

गावाकडे मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले जुने व्यावसायिक लॅपटॉप बरेच घेतले जातात, आणि पैशाच्या मानाने ती खरेदी चांगली असते. त्यांतल्या जुन्या मॉडेलांच्या तळाला डॉकसाठी खास लांबट जोडणी असते. त्याच कंपनीचा त्याच पिढीचा जुना डॉक मिळाला तर तो स्वस्तात उत्तम काम करतो, मात्र तो दुसऱ्या कोणत्याही लॅपटॉपला बसत नाही, हे धरूनच त्यात पैसे घालावेत.

दुसरी पायरी : हब की डॉक, हे वीज पाहून ठरवणे

येथे थोडे थांबून विचार करावा लागेल. हब लॅपटॉपकडूनच वीज घेतो. त्याला आपला चार्जर जोडला तर तो चार्जिंग पुढे लॅपटॉपला देतो. खऱ्या डॉकला स्वतःचा मोठा ॲडॉप्टर असतो, आणि तो भिंतीतून वीज घेऊन स्वतः चालतो, लॅपटॉपही चार्ज करतो. चोवीस तास वीज असलेल्या ठिकाणी डॉकच सरस ठरतो. आपल्याकडे मात्र लाईन गेल्यावर काय होते ते पाहावे. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, पण डॉकचा ॲडॉप्टर बंद पडताच मॉनिटर, कीबोर्ड, लॅन आणि कॅमेरा एकदम निघून जातात, सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर येऊन कोंबल्या जातात आणि चालू बैठक तुटते. हबच्या बाबतीत लॅन, कीबोर्ड आणि माउस लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत राहतात. राउटरला छोटा डीसी यूपीएस (वीज गेल्यावर राउटर चालवणारी छोटी बॅटरी) लावलेला असेल तर इंटरनेटही टिकते आणि फक्त मॉनिटर जातो.

हबलाही एक उणीव आहे. चार्जर जोडलेला असताना वीज गेली किंवा आली, की बरेच हब लॅपटॉपशी विजेचा नवा करार करतात आणि त्यात सेकंद-दोन सेकंद सगळी जोडलेली उपकरणे तुटून पुन्हा जोडली जातात. बैठकीत हे निभावते; पण त्याच क्षणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फाइल खराब होऊ शकते. जेथे दिवसातून अनेकदा लाईन ये-जा करते तेथे हार्ड डिस्क हबला न जोडता थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडावी, हा नियम मी फार महत्त्वाचा मानतो.

घरी इन्व्हर्टर असेल तर डॉक निर्धास्त घ्यावा, पण संपूर्ण कामाचे टेबल इन्व्हर्टरच्या वाहिनीवर आणूनच. नुसता डॉक इन्व्हर्टरवर आणि राउटर मुख्य लाईनवर राहिला तर खर्च वाया जातो. भार काढणे सोपे आहे. चार्ज होणारा लॅपटॉप साधारण ६५ वॅट, डॉक स्वतःसाठी १० ते १५, चोवीस इंची मॉनिटर सुमारे २५ आणि राउटर १० वॅट धरला, तर एकूण ११० ते ११५ वॅट होतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात; इन्व्हर्टरमधील घट आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याचे पथ्य धरले तर हाती ११०० ते १२०० येतात. एवढ्यावर नुसते टेबल नऊ-दहा तास चालेल. त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि दिवे असतील तर चारच तास मिळतील. बॅटरी जुनी असेल तर याहूनही कमी.

इन्व्हर्टरच्या मागे बऱ्याचदा एक छोटा खटका असतो, ज्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे लिहिलेले असते. नॉर्मलवर लाईन गेल्यापासून बॅटरी सुरू होईपर्यंत जो क्षणभर वेळ जातो त्यात काही डॉक आणि मॉनिटर बंद पडून पुन्हा सुरू होतात. यूपीएस स्थितीत हा वेळ कमी असल्यामुळे ते सहसा तग धरतात. मात्र यूपीएस स्थितीत इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, साधारण १८० व्होल्टच्या खाली गेले की बॅटरीवर जातो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळ्या गावाचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज उतरते, आणि मग लाईन असूनही बॅटरी उतरत राहते. ज्या गावठाणात व्होल्टेज ठीक असते तेथे खटका यूपीएसवर ठेवावा. जेथे ते रोज पडते तेथे नॉर्मलवर ठेवून असा डॉक घ्यावा, जो घरी प्रत्यक्ष जोडून पाहिल्यावर त्या क्षणात टिकतो. शेतातल्या वस्तीवर कृषी वाहिनीची वीज ठरावीक तासच मिळत असेल, तर मी डॉकचा आग्रह धरणार नाही. तेथे हब, राउटरचा छोटा यूपीएस आणि चांगली बॅटरी असलेला लॅपटॉप हेच शहाणपणाचे आहे.

कमी व्होल्टेजने डॉकचे फारसे बिघडत नाही, कारण त्याचा ॲडॉप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असतो. जास्त व्होल्टेज मात्र घातक. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की घरात ३०० व्होल्टच्या वर दाब येऊ शकतो आणि ॲडॉप्टर, टीव्ही, राउटर एकाच फटक्यात जळतात. ‘स्पाइक गार्ड’ नावाची पट्टी क्षणिक झटका शोषते, टिकून राहिलेला जास्त दाब रोखू शकत नाही. त्यासाठी मुख्य बोर्डावर ठरावीक मर्यादेच्या वर-खाली वीज तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा. दहा हजारांचा डॉक घेताना हा खर्च टाळू नये.

तीच गोष्ट अर्थिंगची. तीन पिनेचा प्लग आहे पण बोर्डात अर्थ नाही, अशी घरे अजून पुष्कळ आहेत. डॉक जोडल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकताच बारीक झिणझिण्या आल्या, तर अर्थ नाही किंवा तो सुकला आहे असे समजावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे लागते आणि तेही पुरत नसेल तर वायरमनला दाखवावे. विजा कडाडू लागल्या, विशेषतः मृगाच्या तोंडावरच्या वादळात, की ॲडॉप्टरचा प्लग आणि डॉकमधली लॅनची तार दोन्ही काढून ठेवावीत. फायबरची काच वीज वाहत नाही, पण तिच्या पेटीपासून डॉकपर्यंत येणारी लॅनची तार तांब्याची असते. शेजारच्या घरातून छतावरून ओढलेली लॅनची तार तर डॉकला जोडूच नये.

तिसरी पायरी : आपल्याला काय जोडायचे आहे ते लिहून काढणे

यादी कागदावर करावी आणि प्रत्येक वस्तूची पिन कोणती तेही लिहावे. स्वस्त मॉनिटरला बहुधा एचडीएमआय आणि व्हीजीएच असते, म्हणून ज्या डॉकवर फक्त डिस्प्लेपोर्ट आहे तो घेतल्यास वेगळा रूपांतरक घ्यावा लागतो. लॅनचा पोर्ट गिगाबिटचा असावा. अगदी स्वस्त हबमध्ये १०० मेगाबिटचा पोर्ट बसवून बाहेर फक्त ‘इथरनेट’ एवढेच लिहिलेले असते. फायबर आलेले नसेल आणि मोबाईलवरच काम चालत असेल, तर लॅनपेक्षा मोबाईल जोडायला एक चांगला यूएसबी पोर्ट महत्त्वाचा आहे : तारेने टेदरिंग केले, म्हणजे मोबाईलचे इंटरनेट तारेतून लॅपटॉपला दिले, की वायफाय हॉटस्पॉटपेक्षा जोडणी स्थिर राहते आणि मोबाईल चार्जही होतो.

घरातूनच आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांची गरज वेगळी आहे. त्यांना अंगठ्याचे यंत्र, प्रिंटर, स्कॅनर, कॅमेरा असे जुन्या चौकोनी यूएसबी पिनेचे चार-पाच नग जोडायचे असतात आणि दुसरा मॉनिटर क्वचितच लागतो. त्यांनी डॉकवर पैसे घालू नयेत. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला चौकोनी पोर्टांचा यूएसबी हब त्यांना पुरतो. अंगठ्याचे यंत्र हबवर ओळखले जाईनासे झाले, तर तेवढे थेट लॅपटॉपला लावावे.

मॉनिटर किती आणि कोणते, यावर बरीच किंमत ठरते. एक १०८०पी (फुल एचडी) मॉनिटर जवळजवळ कोणताही हब चालवतो. ४के मॉनिटर असेल तर खोक्यावर ‘४के’ पुढे ३० हर्ट्झ (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा) लिहिले आहे की ६०, हे जरूर पाहावे : ३० हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत सरकतो आणि दिवसभर त्याकडे पाहून डोळे शिणतात. दोन मॉनिटर लावायचे असतील तर विंडोजच्या लॅपटॉपवर साध्या टाइप-सी डॉकमधून एमएसटी (एकाच जोडणीतून अनेक मॉनिटरांची चित्रे पाठवण्याच्या) पद्धतीने दोन वेगळी चित्रे मिळतात. ॲपलच्या मॅकबुकवर ती पद्धत चालत नाही आणि दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र येते. शिवाय एम१ आणि एम२ या साध्या (प्रो किंवा मॅक्स नसलेल्या) चिपांचे मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. तेथे आणि फक्त डेटाचा पोर्ट असलेल्या विंडोज लॅपटॉपवर डिस्प्लेलिंक तंत्राचा डॉक हा मार्ग उरतो. तो चित्र दाबून लहान करून साध्या यूएसबीतून पाठवतो, त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो आणि प्रोसेसरवर भार येतो. पत्रव्यवहार, हिशेब, कोड लिहिणे यांना तो चांगला आहे. व्हिडिओ संपादनासाठी घेऊ नये.

चौथी पायरी : चार्जिंगचे वॅट आणि तार

लॅपटॉपच्या मूळ चार्जरवरचा वॅटचा आकडा पाहावा. नसेल तर आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर गुणावेत : २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. डॉकने लॅपटॉपला किमान तेवढे द्यायला हवे. येथे वाचताना गफलत होते, कारण डॉकवरचा मोठा आकडा कधी ॲडॉप्टरचा एकूण असतो आणि लॅपटॉपला मिळणारा त्याहून कमी. हबवर ‘१०० वॅट’ लिहिलेले असते ती पेलण्याची मर्यादा होय; त्याला आपला ६५ वॅटचा चार्जर लावला तर हब स्वतःसाठी १०-१५ वॅट ठेवून उरलेले पुढे देतो. कमी वॅट मिळाले तर लॅपटॉप बिघडत नाही, पण जड काम चालू असताना बॅटरी हळूहळू उतरत जाते. लॅपटॉप टाइप-सीवरून चार्जच होत नसेल, तर डॉकच्या चार्जिंगसाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

डॉकसोबत आलेली तारच वापरावी. ती हरवली म्हणून मोबाईलच्या चार्जरची टाइप-सी तार लावली, तर चार्जिंग होते पण मॉनिटर लागत नाही, कारण त्या तारेत बहुधा यूएसबी २.० एवढ्याच वेगाच्या वाहिन्या असतात. घरात उंदरांचा वावर असेल तर ही तार जमिनीवर न सोडता भिंतीच्या कडेने उंचावरून न्यावी. कुरतडलेली तार बाहेरून धड दिसते आणि चित्र मात्र अधूनमधून जाते.

पाचवी पायरी : खरेदी

मागवण्यापूर्वी आपला पिनकोड टाकून फक्त माल पोचतो का एवढेच पाहू नये, परत न्यायला कोणी येते का हेही पाहावे. अनेक गावांत पार्सल येते, पण परतीसाठी तालुक्याला जावे लागते. हमी किती वर्षांची आणि दुरुस्ती केंद्र कुठे, हे विचारावे. अमरावती, अकोला किंवा नागपूरला केंद्र असलेल्या कंपनीचा डॉक हजारभर रुपये महाग असला तरी मी तोच घ्यायला सांगेन. ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. नसेल तर तो ॲडॉप्टर आपल्या विजेवर लावू नये. पक्के बिल घ्यावे आणि पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रीकरण करावे. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

सहावी पायरी : मांडणी आणि चाचणी

डॉक काम करताना गरम होतो आणि मे महिन्यात खोलीच आधी तापलेली असते. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा डॉक खणात, कपड्याखाली किंवा लॅपटॉपच्या खाली ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय. तो उभा, चारी बाजूंनी हवा लागेल असा ठेवावा. कूलरची हवा थेट त्याच्यावर येऊ देऊ नये, कारण ती ओली असते आणि सोबत क्षाराचे बारीक तुषारही आणते. कूलरचा प्लगही डॉकच्या पट्टीत लावू नये. बिनतारी माउस अडखळत असेल तर त्याचा छोटा रिसीव्हर डॉकच्या वेगवान यूएसबी पोर्टापासून दूर, एका छोट्या वाढीव तारेवर लावावा. यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत अडथळा येतो हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते.

मग परतीची मुदत संपण्याआधी चाचणी घ्यावी. सर्व उपकरणे एकदम जोडावीत, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे हर्ट्झ पाहावेत, लॅनच्या तपशिलात वेग १००० दिसतो का ते बघावे, आणि तासभर नेहमीचे काम करून बॅटरीचा टक्का वाढतो की घटतो हे टिपावे. लॅपटॉप झोपवून पुन्हा जागा करावा. मॉनिटर परत येत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून डॉकचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) आणि लॅपटॉपचे ड्रायव्हर अद्ययावत करून पुन्हा पाहावे. शेवटी, फाइल जतन करून आणि हार्ड डिस्क काढून ठेवून, एखाद्या मित्राशी व्हिडिओ कॉल चालू असतानाच घराचा मुख्य खटका पाडावा. कॉल टिकला, मॉनिटर परत आला आणि खटका पुन्हा वर केल्यावर सगळी उपकरणे हात न लावता जोडली गेली, तर डॉक ठेवावा. असे चार-पाच वेळा करूनही तो दरवेळी काढून पुन्हा लावावा लागत असेल, तर इतर सर्व गुण चांगले असले तरी मुदतीत परत करावा.